पार्टी संपेना, गोष्ट सुरू होईना

प्रिय ताई,

मी नाशिकची, वय ५८. हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. वाचनाचं वावडं नाही, पण माझं वाचन म्हणजे ऐतिहासिक कादंबऱ्या, चरित्रं आणि दिवाळी अंक. मुलाचं लग्न ठरलंय. होणारी सून पुण्यात नोकरीला आहे. गुणी आहे, मला मनापासून आवडलीय. साखरपुड्याला तिनं मला टोल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड भेट दिला. म्हणाली, “काकू, हे माझं सगळ्यात लाडकं पुस्तक. तुमचं वाचून झालं की आपण खूप बोलू.”

पाच प्रकरणं झालीत आणि मी मेटाकुटीला आलेय. प्रस्तावनाच मुळी जिल्ह्याच्या गॅझेटियरसारखी. हॉबिट नावाची बुटकी माणसं, त्यांच्या पायांवरचे केस, त्यांच्या जमाती, त्यांची तंबाखू, त्यांचं टपालखातं. मग पहिलं प्रकरण. बिल्बो नावाच्या म्हाताऱ्याचा १११ वा वाढदिवस, मंडप, जेवणावळी, फटाके, कोण कुणाचा चुलत-मावस. भाषण करता करता म्हातारा गायब होतो, ते बरं होतं. मागे ठेवलेल्या भेटींची यादी वाचून तर खरंच हसले. दुसऱ्या प्रकरणात १७ वर्षं भुर्रकन जातात आणि मग गँडाल्फ हा जादूगार जो बोलायला लागतो तो थांबत नाही. मी पेन्सिलीनं नावं लिहून ठेवायला लागले, मग कंटाळून सोडून दिलं. तिसऱ्यात बिल्बोचा वारस फ्रोडो आणि मंडळी निघाली एकदाची, तर चालतात, खातात आणि गाणी म्हणतात. काळा स्वार येऊन हुंगतो तिथे अंगावर काटा आला. म्हटलं, आता! तर चौथ्यात एका शेतकऱ्याकडे मशरूमची मेजवानी आणि पाचव्यात अंघोळ. अंघोळीवर गाणंसुद्धा.

आपल्या कहाणीत ‘आटपाट नगर होतं’ म्हटलं की चौथ्या वाक्याला संकट दारात उभं असतं. इथे शंभरेक पानं झाली, गोष्ट काही सुरू होईना.

दर दोन दिवसांनी तिचा मेसेज येतो, “काकू, कुठवर आलात?” मी लिहिते, “छान चाललंय.” ती बदाम पाठवते. मुलगा म्हणतो, “आई, सिनेमा बघून टाक, तीन तासांत सुटशील.” यजमान म्हणतात, “लग्न होईपर्यंत आवडलं म्हण, पुढचं पुढे.” वाचू की सोडू? आणि तिला काय सांगू?

– एक होणारी सासू

*

प्रिय होणाऱ्या सासूबाई,

तुमची ही तक्रार १९३८ सालीच नोंदवून झालेली आहे, पुस्तक छापून यायच्या १६ वर्षं आधी. नोंदवणारा होता १२ वर्षांचा मुलगा. रेनर अन्विन त्याचं नाव. वडील स्टॅन्ली अन्विन हे लंडनमधले प्रकाशक. मुलांचं पुस्तक मुलानंच वाचून सांगावं, अशा हिशेबानं ते हस्तलिखित घरी देत आणि अभिप्रायाचा एक शिलिंग पोराच्या हातावर ठेवत. १० वर्षांच्या रेनरनं पसंती दिल्यावर टोल्कीनचं आधीचं पुस्तक ‘द हॉबिट’ १९३७ साली बाजारात आलं, चांगलं खपलं, आणि प्रकाशकांनी लेखकाच्या मागे लकडा लावला की हॉबिटांवर आणखी काहीतरी द्या. टोल्कीन ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे, म्हणजे जुन्या इंग्रजीचे, प्राध्यापक. त्याच डिसेंबरात त्यांनी वाढदिवसाच्या पार्टीचं प्रकरण लिहायला घेतलं. नंतरची प्रकरणं रेनरकडे गेली तेव्हा त्याचं म्हणणं पडलं की यात हॉबिटांच्या गप्पाच फार होतात. टोल्कीनचे मित्र सी. एस. लुईस यांचंही मत तेच. हॉबिटांची गंमत वाटते ती ते भलत्याच प्रसंगात सापडले तर. एरवी नाही, असं ते म्हणत. टोल्कीननी प्रकाशकांना लिहिलेल्या पत्रात दोघांपुढे मान तुकवली आणि कबूलही केलं की मला स्वतःला साहसांपेक्षा या गप्पांतच जास्त मजा येते, पण आता हात आवरायला हवा.

किती आवरला ते तुम्ही पाहताच आहात.

तेव्हा कंटाळा आला याचं मनाला लावून घेऊ नका. वयाचा दोष नाही, दिवाळी अंकांचाही नाही. गंमत म्हणजे हाच रेनर पुढे मोठा होऊन वडिलांच्या संस्थेत आला आणि हे पुस्तक छापायचंच म्हणून त्यानंच आग्रह धरला, तेही यात हजारेक पौंड बुडू शकतात असं वडिलांना आधीच कळवून. पहिला खंड २९ जुलै १९५४ रोजी प्रसिद्ध झाला. तक्रार करणारा वाचक पुस्तकाचा वैरी नसतो, एवढं आत्ता लक्षात ठेवा. सुनेकडे येऊ तेव्हा ते उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट तुम्हाला धीर देईल. ही प्रकरणं लिहिताना गोष्ट कुठे चाललीय हे खुद्द लेखकालाच ठाऊक नव्हतं. नायकाचं नाव बराच काळ बिंगो होतं. जिच्याभोवती सगळी गोष्ट फिरते ती बिल्बोकडची जादूची अंगठी म्हणजे नेमकी काय भानगड, ते ठरलेलं नव्हतं. तुमच्या अंगावर काटा आणणारा तो काळा स्वार पहिल्या खर्ड्यात कोण होता माहीत आहे? गँडाल्फ! रस्त्यानं घोड्यावरून यायचा, थांबायचा, हुंगायचा, आणि पुढे गंमत उलगडायची. मग टोल्कीननी जादूगाराला बाजूला काढलं, त्याच जागी अनोळखी स्वार बसवला आणि आख्ख्या गोष्टीचा रंग पालटला. पुढे ब्री नावाच्या गावी तुम्हाला एक उंच, उन्हापावसात रापलेला, चटकन विश्वास टाकावा असा न वाटणारा माणूस भेटेल. त्याच्याबद्दल जास्त सांगत नाही. पण खर्ड्यांमध्ये तो बराच काळ लाकडी जोडे घातलेला हॉबिट होता.

या चाचपडण्याच्या खुणा छापील पुस्तकातही राहिल्यात. तिसऱ्या प्रकरणात तिघं झाडाखाली झोपलेले असताना एक कोल्हा तिथून जातो, तो आठवतो का? थांबतो, हुंगतो आणि मनाशी म्हणतो, तीन-तीन हॉबिट घराबाहेर झोपलेत, यात काहीतरी पाणी मुरतंय. त्याचा अंदाज बरोबर होता पण पुढे त्याला काही कळलं नाही, असं सांगून लेखक मोकळा. असा स्वतःशी विचार करणारा कोल्हा या कादंबरीत शोभतच नाही. तो ‘द हॉबिट’मधून, म्हणजे पोरांना सांगायच्या गोष्टीतून, चुकून या बाजूला आलाय. मला तो फार आवडतो. काहीजणांना तो खटकतो, आणि खटकायला जागा आहे.

एवढं तुमच्या बाजूनं बोलले. आता थोडं पुस्तकाच्या बाजूनं.

टोल्कीननी पहिलं प्रकरण पुन्हा पुन्हा लिहिलं. माणसं बदलली, नावं बदलली, वय बदललं. पार्टी मात्र राहिली. ती भरताड असती तर एवढ्या खाडाखोडीत केव्हाच उडाली असती. तुम्ही पार्टीत गोष्ट शोधलीत आणि ती मिळाली नाही, कारण ती पार्टीनंतरच्या काही पानांत आहे. तोवर जेवणावळीनं आपण सुस्तावलेलो असतो. ती पानं परत काढा. बिल्बो घरी येतो, सणाचे कपडे उतरवून प्रवासाचे जुने कपडे चढवतो. ठरल्याप्रमाणे अंगठी दत्तक घेतलेल्या फ्रोडोसाठी ठेवून जायचं आहे. गँडाल्फ विचारतो, ठेवलीस ना? तो म्हणतो, हो, पाकिटात घालून शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवलीय. आणि मग, अरे, ती तर खिशातच आहे. इथे कुणीही साधा माणूस ‘विसरलोच’ म्हणून पाकीट काढून ठेवेल. बिल्बो म्हणतो, खिशात राहिली तर बिघडलं कुठे? गँडाल्फनं जरा नेट लावल्यावर तो चिडतो, माझी आहे म्हणतो, त्याचा हात तलवारीच्या मुठीकडे जातो. समोर उभा असतो तो इतक्या वर्षांचा जिवाभावाचा मित्र. शेवटी देतो म्हणतो, पिशवी उचलतो, दारापर्यंत जातो, आणि पाकीट अजून खिशातच! बाहेर काढून फळीवर ठेवायला जातो तर हात झटक्यासरशी मागे येतो. पाकीट जमिनीवर पडतं. तो वाकायच्या आत गँडाल्फ ते उचलून जागेवर ठेवतो. बिल्बोच्या चेहऱ्यावर राग उमटतो, आणि मग एकदम सुटल्यासारखं हसू.

हॉबिटांमध्ये वाढदिवसाला भेटी घ्यायच्या नसतात, द्यायच्या असतात, ही प्रथा तुम्ही वाचलीत आणि विसरलात. विसरू नका. तुम्हाला हसवणारी ती यादी याच प्रथेतली. लोकांची पुस्तकं नेऊन परत न करणाऱ्याला रिकामं पुस्तकांचं कपाट. स्वतःच्या रूपावर खूश असलेल्या मुलीला आरसा. आयुष्यभर लांबलचक पत्रांतून उपदेश पाठवणाऱ्या बाईला कचऱ्याची टोपली. दुसऱ्याच्या छत्र्या परस्पर लांबवणाऱ्याला नावाची चिठ्ठी लावलेली छत्री. पत्राला कधी उत्तर न देणाऱ्याला टाक आणि दौत. आणि बिल्बोच्या नात्यातल्या लोबेलियाबाईंना चांदीचे चमचे, कारण बिल्बोच्या घरातले आधीचे चमचे त्यांनीच ढापले, असा त्याचा पक्का संशय. हा माणूस आख्खं घर वाटून टाकतो, वर टोमणेही मारतो, आणि एक सोन्याची साधी अंगठी हातातून सुटत नाही. पार्टीचा घाटच त्यासाठी घातला होता, असं तो स्वतः गँडाल्फला सांगतो: एवढ्या सगळ्या वस्तू देता देता ही एकही सहज देऊन होईल. तशी ती होत नाही. कादंबरीचं सगळं संकट या एका हाताच्या हालचालीत येऊन गेलंय, आणि तेही जिथे सैन्य नाही, राक्षस नाही, अशा दिवाणखान्यात.

दुसऱ्या प्रकरणातही गँडाल्फच्या व्याख्यानाखाली हेच दबलंय. एवढं सगळं ऐकल्यावर फ्रोडो अंगठी जाळात फेकायला म्हणून खिशातून काढतो. तिच्याकडे बघतो. मनाचा हिय्या करून फेकतो असं त्याला वाटतं, आणि पाहतो तो ती पुन्हा खिशात. तीच खोड, फक्त खिसा दुसऱ्याचा. बरं, फ्रोडो ती गँडाल्फला देऊ करतो तर तो महाशक्तिमान जादूगार चक्क घाबरून नको म्हणतो. हे तीन प्रसंग ध्यानात राहिले तर मधल्या राजवंशांची नावं विसरलात तरी चालेल. पेन्सिल ठेवून द्या.

तुमचा आटपाट नगराचा मुद्दा मला आवडला, त्याला उत्तर द्यायला हवं. कहाणीतलं नगर ऐकणाऱ्याला आधीपासून माहीत असतं. राजा, आवडती, नावडती, गावकुसाबाहेरचं देऊळ. एक वाक्य पुरतं, बाकीचं आपल्याच घरातून येतं. कादंबरीवाल्याला ती सोय नाही. हॉबिटांचा शायर नावाचा प्रदेश जगाच्या नकाशावर नाही, तो पानांवरच वसवावा लागतो, आणि तो इतका वसावा लागतो की फ्रोडो तिथून निघाला की वाचकालाही तिथून पाय काढताना जड जावं. टोल्कीन लहानपणी काही वर्षं सॅरहोल नावाच्या खेड्यात राहिले. जवळच पाणचक्की, शेतं, झाडं. ते खेडं पुढे बर्मिंगहॅम शहरानं गिळलं. लहानपणचा आपला मुलूख डोळ्यांदेखत कसा विद्रूप होत गेला, हे त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात स्पष्ट लिहिलंय. त्या माणसाला मशरूमची मेजवानी दोन पानांत आटोपता येत नाही, हे मला समजतं. तरी अंघोळीचं गाणं मीही दर वेळी ओलांडून जाते.

पाचव्या प्रकरणावर मात्र तुम्ही थोडा अन्याय केलात. अंघोळीनंतर जेवताना फ्रोडो मोठ्या कष्टानं सांगायला जातो की मी गाव सोडून चाललोय, आणि कळतं की मित्रांना सगळं आधीपासून माहीत आहे. महिनोन् महिने ते त्याच्यावर पाळत ठेवून आहेत, आणि आतली बातमी पुरवणारा निघतो सॅम. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी खिडकीखाली गवत कापायच्या निमित्तानं ऐकत बसलेला, गँडाल्फनं कान धरून वर ओढलेला तोच माळी. फ्रोडोला आधी राग येतो, मग बरं वाटतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही हे प्रकरण परकं वाटू नये. गुपित कुठे राहतं?

आता वाचायचं कसं. प्रस्तावना वाचून झालीच आहे, तर त्यातला अंगठी कशी सापडली हा भाग तेवढा परत चाळा, कारण ‘द हॉबिट’ न वाचता आलेल्याला गॉलम हा प्राणी कोण ते तिथेच कळतं. तंबाखू आणि टपालखातं डोक्यातून काढून टाकलंत तरी पुढे कुठे अडत नाही. गाण्यांचं म्हणाल तर तुम्ही इंग्रजीच्या बाई आहात. दुपारी घरात कुणी नसताना चालण्याचं गाणं एकदा मोठ्यानं म्हणून बघा. डोळ्यांनी वाचलेली ती पद्यं निर्जीव वाटतात, तोंडात घोळली की चालतात. नाहीच जमलं तर उडवा. पुस्तकाबरोबर शायरचा छोटा नकाशा असतो, सध्या तेवढाच उघडा ठेवा. मोठ्या नकाशाची इतक्यात गरज नाही. आणि ज्या इतर वाचकांना हे इंग्रजी जड जातं त्यांच्यासाठी मुग्धा कर्णिक यांचा मराठी अनुवाद आहे.

पुढची सूचना अशी, की सहा ते आठ ही प्रकरणं तुमची आणखी परीक्षा पाहतील. झाडं माणसांना गिळू पाहणारं एक जुनं जंगल येतं, ते छान आहे. मग टॉम बॉम्बाडिल नावाचे निळा कोट आणि पिवळे बूट घातलेले एक गृहस्थ नाचत-गात येतात आणि बराच काळ हलत नाहीत. त्यांच्यावर जीव टाकणारे वाचक आहेत आणि त्यांना न सोसणारेही आहेत. २००१ च्या सिनेमातून त्यांना सरळ वगळलंय. मी मधली आहे: त्यांचं घर आवडतं, त्यांचं गाणं नाही. तिथे पानं भरभर उलटलीत तर मी कुणाला सांगणार नाही. पण आठव्यात धुक्यातल्या थडग्यांपाशी वेग कमी करा. तो काळा स्वार तुम्हाला भावला होता ना? ती पानं त्याच जातीची आहेत.

नवव्या प्रकरणात ब्री गावची खानावळ येते, दहाव्यात तो रापलेला माणूस नीट भेटतो. तिथपर्यंत जा. दहावं प्रकरण मिटून ठेवल्यावर अकरावं उघडावंसं वाटलं नाही, तर हे पुस्तक तुमचं नाही आणि खुशाल सोडा. मी ही हद्द मनात आलं म्हणून घातलेली नाही. तिथून पुढे गप्पा मागे पडतात आणि स्वार खरोखर मागे लागतात. म्हणजे लुईसना हवे होते तसे हॉबिट, भलत्याच प्रसंगात सापडलेले, तुम्हाला तिथून मिळायला लागतात. त्याआधी सोडलंत तर तुम्ही फक्त लेखकाचं चाचपडणं वाचून सोडलंत असं होईल.

एक गोष्ट मात्र कानात सांगते. लोबेलियाबाईंकडे लक्ष ठेवा. बिल्बो गेल्यावर मृत्युपत्राचे कागद तपासायला येतात, घरभर फिरतात, आणि जाताना त्यांच्या छत्रीत ‘पडलेल्या’ चिजा फ्रोडो काढून घेतो. प्रत्येक लग्नघरात अशी एक बाई असते म्हणून आपण हसतो आणि पुढे जातो. ही बाई आणि तिची छत्री तिसऱ्या खंडात परत येते, आणि कशी येते ते तुम्ही स्वतः वाचायला हवं.

सिनेमाचं काय? आत्ता नको. चांगला आहे, पण त्यात मधली १७ वर्षं जाणवतसुद्धा नाहीत, मशरूमवाल्या शेतकऱ्याची मेजवानी नाही, बॉम्बाडिल नाहीत. तुम्ही तो बघून पुस्तकावर बोलायला बसलात तर ती मुलगी दुसऱ्या वाक्याला ओळखेल, आणि ‘काकूंनी वाचलं नाही’ यापेक्षा ‘काकूंनी वाचल्याचं सोंग आणलं’ हे तिला लागेल. दहाव्या प्रकरणानंतर तिच्यासोबतच बघा. मुलाला चहा करायला लावा.

आता तिच्याशी काय बोलायचं ते. “कुठवर आलात?” असं विचारणारी मुलगी तुम्हाला गुण द्यायला बसलेली नाही. तिनं घरात यायच्या आधी आपली सगळ्यात लाडकी वस्तू तुमच्या हातात ठेवलीय, आणि उत्तरादाखल तिला ‘छान चाललंय’ मिळतंय. त्या वाक्यापुढे कुणाला काही बोलताच येत नाही, म्हणून तर ती बिचारी बदाम पाठवते. मला लिहिलेल्या पत्रात तुम्ही या पुस्तकावर जेवढं बोललात त्याच्या निम्मं तिला लिहिलंत तर ती दोन तास फोन ठेवणार नाही. ज्यांना हे पुस्तक आवडतं त्यांना पहिल्यांदा वाचणाऱ्याचा कंटाळासुद्धा ऐकायचा असतो. आपला कंटाळा त्यांना आठवत असतो. नाहीतर रेनरनं हस्तलिखित पुढे मागितलंच नसतं.

फक्त चुकांची यादी पाठवू नका. इतकी वर्षं वह्या तपासलेला हात आहे, लाल पेन चटकन उचलला जातो. साधारण असं काहीतरी लिहा:

“पाच प्रकरणं झाली. खरं सांगू? प्रस्तावनेत झोप आली, अंघोळीचं गाणं डोक्यावरून गेलं. पण ते रिकामं कपाट वाचून एकटीच हसत बसले. स्वार हुंगायला लागला तेव्हा उठून दिवा लावला. बिल्बोचा हात मागे येतो ते दोनदा वाचलं. तू पहिल्यांदा वाचलंस तेव्हा किती वर्षांची होतीस? आणि तुला कुठे कंटाळा आला होता?”

शेवटचे दोन प्रश्न गाळू नका. तिच्या उत्तरातून तुम्हाला या कादंबरीपेक्षा तिच्याबद्दल जास्त कळेल, आणि तुम्हाला खरी उत्सुकता त्याचीच असणार. मुलाला मध्ये घालू नका, ‘आई कंटाळलीय’ हा निरोप त्याच्या तोंडून गेला तर त्याचं वजन दसपट होतं. दहाव्या प्रकरणानंतर सोडायचं ठरलं तर मेसेजवर नको, समोरासमोर सांगा. काय आवडलं ते आधी, कुठे थांबले ते नंतर, आणि पुस्तक परत करू नका, कपाटात दिसेल असं ठेवा. तुमच्या संग्रहातली एखादी ऐतिहासिक कादंबरी तिलाही द्या. पहिल्या शंभर पानांत नुसती खलबतं आणि वंशावळी आहेत अशी तिची तक्रार आली तर ऐकून घ्या.

यजमानांचा सल्ला मात्र घेऊ नका. आवडलं असं खोटं सांगून वेळ मारून न्यायला हरकत नव्हती, पण या कादंबरीचे खंड तीन आहेत. उरलेले दोन रुखवतात मांडलेले दिसतील.